भयकथेच्या ग्रुपमधला प्रेस ऑपरेटर

मी चाकणच्या एका कंपनीत नेटवर्कचं काम बघते. गाड्यांचे दरवाजे बनवणारी कंपनी आहे. माझं काम नीट चाललं तर कोणाला माझी आठवण येत नाही. बंद पडलं की कारखान्यातल्या प्रत्येकाला एकाच मिनिटात येते. कासारवाडीला सकाळी सव्वासातला कंपनीची बस मिळते. मोशीच्या पुढे ट्रेलरच्या रांगा लागलेल्या असतात आणि दीड तास बसमध्येच जाणार अशी खात्री असते. त्या दीड तासात मी मराठी भयकथांचा एक पॉडकास्ट ऐकायचे.

कथा एका बंद पडलेल्या कारखान्याची होती. गेटला टाळं लागून कित्येक वर्षं झालीत, वीज तोडलीय, आणि तरी पेंट शॉपमधला, म्हणजे रंगकामाच्या विभागातला, एक संगणक रोज गेटवरच्या संगणकाला एकच ओळ पाठवतो: ‘कोणी आहे का?’ गेटवरचा म्हातारा वॉचमन ती ओळ वाचतो, रजिस्टरमध्ये लिहितो आणि उत्तर देत नाही. वीसएक मिनिटांचा एकेक भाग होता. भूत एकदाही दिसलं नाही, म्हणूनच मला ते आवडलं असावं. माझे वडील पिंपरीच्या ज्या कंपनीत तीस वर्षं होते, तिथे आता उंच इमारती आहेत. बंद कारखाना म्हटलं की आमच्या घरात कोणालाही चित्र डोळ्यांपुढे आणावं लागत नाही.

पॉडकास्टच्या चाहत्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. तिथे रोज थिअऱ्या मांडल्या जायच्या. पेंटच्या टाकीत पडून मेलेला कामगार निरोप पाठवतो, असं अर्ध्या लोकांचं मत. ताथवड्याला इंजिनिअरिंग शिकणारी एक मुलगी म्हणायची की मेलाय तो वॉचमनच, त्याला अजून कळलेलं नाही. ग्रुपमध्ये आल्यावर नमस्कार घालायचा नाही, ‘कोणी आहे का?’ असं लिहायचं आणि बाकीच्यांनी ‘आहे’ म्हणायचं, अशी पद्धत पडली होती.

एकदा वाद झाला. कोणीतरी लिहिलं, वीज नाही तर निरोप जाईलच कसा, लेखकाला काही कळत नाही. मी तोवर नुसती वाचत असायचे. त्या दिवशी बसमध्ये बसल्या बसल्या मी मोठा मजकूर लिहिला: विजेचं सोडा, निरोप जातो कसा ते बघा. दोन संगणक बोलायला लागतात तेव्हा आधी एकमेकांची खात्री करून घेतात. पहिला विचारतो, आहेस का? दुसरा म्हणतो, आहे, तू आहेस का? पहिला म्हणतो, मीही आहे. हे तीन निरोप झाल्याशिवाय कामाचा एक शब्द जात नाही. मग मजकुराचे तुकडे होतात, प्रत्येकावर क्रमांक पडतो, तुकडे वेगवेगळ्या वाटांनी मागेपुढे पोहोचतात आणि पलीकडे क्रमांकावरून जुळवले जातात. पोहोचल्याची पोच परत येते. पोच आली नाही तर तोच तुकडा पुन्हा पाठवायचा, दर खेपेला आधीपेक्षा जास्त वाट बघायची, आणि बऱ्याच खेपा झाल्या की नाद सोडायचा. दुसरीही एक पद्धत आहे. तिच्यात पोच मागतच नाहीत, फेकायचं आणि पुढे जायचं. फोनवरचं बोलणं बहुतेक तसंच जातं, एखादा शब्द हरवला तर हरवला. मग मी माझी थिअरी मांडली: पेंट शॉपचा संगणक पहिल्याच निरोपावर अडकलाय. त्याच्यात खोट नाही. खोट उत्तर न देणाऱ्यात आहे.

ग्रुप खूश झाला. मला इतकी वाहवा ऑफिसात कधी मिळाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत एका अनोळखी नंबरवरून आवाजाचा निरोप आला. मागे कॉम्प्रेसर धडधडत होता. बोलणारा म्हणाला, मी ग्रुपमधला आहे, लातूरकडचा, इथे चाकणलाच एका कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर आहे, कॉन्ट्रॅक्टवर. तुम्ही लिहिलेलं तीनदा वाचलं. एकच शंका आहे.

“ताई, समोरचा मेलाय का मधातली वायर तुटलीय, हे पाठवणाऱ्याला कसं कळायचं?”

मी लिहिलं, कळत नाही. त्याला फक्त उत्तर आलं नाही एवढंच कळतं.

तिथून आमचं बोलणं सुरू झालं. मी त्यांना भाऊ म्हणायचे. बायको आणि दोन मुली गावाकडे होत्या, आयटीआय अर्धवट सुटलेलं होतं, आणि जे कळत नाही ते विचारायची त्यांना लाज नव्हती. पत्त्याविना निरोप बरोबर घरी कसा जातो, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं की प्रत्येक यंत्राला क्रमांक असतो आणि वाटेतल्या यंत्रांना पूर्ण रस्ता माहीत नसतो. थोड्या वेळाने त्यांचा निरोप आला: “म्हंजे पुरा रस्ता कोणालाच ठाऊक नसतो, फक्त पुढचा फाटा ठाऊक असतो.” आमच्याकडे नव्या आलेल्या इंजिनिअरला हे समजावताना मी आजही हेच वाक्य वापरते.

आम्ही कधी भेटलो नाही. त्यांची कंपनी माझ्यापासून फार तर सहा-सात किलोमीटरवर असेल. ते महाळुंग्याला खोली घेऊन राहत होते, खोलीखाली पिठाची गिरणी होती आणि तिच्या आवाजात ते सुट्टीच्या दिवशी दुपारी लांबलचक थिअऱ्या बोलून पाठवायचे. त्यांची एक थिअरी सगळ्या ग्रुपने उचलून धरली. आतला माणूस भूत नाही, ते म्हणाले. गेट बंद झालं त्या दिवशी तो आत होता, पण रजिस्टरात त्याच्या नावापुढे ‘काम सोडून गेला’ असं आधीच लिहिलेलं होतं. जो गेलाय त्याला शोधायला कोण जाईल? पॉडकास्टवाल्यांनी त्यावर लाल बदाम टाकला, तर भाऊंना दोन दिवस दुसरं काही सुचत नव्हतं.

ऊन तापायला लागलं होतं तेव्हा त्यांनी ग्रुपवर लिहिलं, काही दिवस सुट्टीवर आहे, सगळे भाग पहिल्यापासून ऐकतो. सुट्टी कशाची, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. आठवड्याभराने त्यांची नवी थिअरी आली. पेंट शॉपचं दार उघडं आहे, त्यांनी लिहिलं होतं. त्या माणसाला बाहेर येता येतं. पण हात कामाचा राहिला नाही, आता घरी जाऊन काय तोंड दाखवायचं म्हणून तो तिथेच बसलाय. ‘भारी’, ‘काटा आला’ असं लोकांनी लिहिलं. मी टाळ्यांची खूण टाकली.

नंतरच्या गुरुवारी मी कॅन्टीनमध्ये जेवत होते. भाऊंचा निरोप आला: ‘आहात का ताई?’

मला हसू आलं. मी शिकवलेलं ते माझ्यावरच चालवून बघतायत, असं वाटलं. मी लिहिलं, ‘आहे. तुम्ही आहात का?’ उत्तर आलं नाही. त्या दिवशी वेल्ड शॉपमधलं नेटवर्कचं एक स्विच सारखं बंद पडत होतं, त्यामुळे मी फोन ठेवला आणि पळाले. अडीच वाजता पुन्हा ‘आहात का’ असं आलेलं होतं. मी चारला पाहिलं. ‘आहे आहे. आता तिसरा निरोप तुमचा,’ असं लिहून पुढे हसरा चेहरा टाकला.

शुक्रवारी सकाळी बसमध्ये तिसऱ्यांदा तेच. ‘ताई आहात का’. या खेपेला प्रश्नचिन्ह नव्हतं. खेळ जरा ताणतायत, असं माझ्या मनात आलं. स्विच अजून दुरुस्त झालं नव्हतं, साहेबांचे फोन येत होते. सवडीने लिहू म्हणून मी उत्तर दिलं नाही.

शनिवारी लिहिलं तेव्हा एकच टिक आली. एक टिक म्हणजे निरोप माझ्याकडून गेला, त्यांच्या फोनवर पोहोचला नाही. रविवारी, सोमवारी तीच एक टिक. ग्रुपवर कोणीतरी विचारलं, लातूरवाले दिसत नाहीत. झालं, थिअऱ्या सुरू झाल्या. ते पॉडकास्ट बनवणाऱ्यांपैकीच असणार. त्यांचं गायब होणं हाच पुढचा भाग. शेवटची थिअरी ही हिंट होती. मी हे वाचत होते आणि खरं सांगायचं तर मलाही थोडंसं पटत होतं. मला ते पटवून घ्यायचं होतं.

पुढच्या गुरुवारी मी फोन लावला. बंद. मग त्यांचे जुने आवाज ऐकत बसले. दुसऱ्या-तिसऱ्यातच मला गिरणी ऐकू आली, आणि शनिवारी सकाळी मी महाळुंग्याला गेले.

गिरणीवाल्याने वर बोट दाखवलं. घरमालकीण साठीच्या पुढची होती, गावातल्या जुन्या शेतकरी घरातली. जमीन कंपन्यांना गेली आणि उरलेल्या तुकड्यावर त्यांनी दहा खोल्या बांधल्या. तिने आधी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि कोण म्हणून विचारलं. मी ओळखीची म्हणाले.

“त्यो लातूरवाला व्हय? त्यो गेला की, बाई.”

मला आधी गावाला गेला असंच वाटलं. कधी येतील, असं मी विचारलंसुद्धा. तिने मला खाली बसवलं, पाणी दिलं आणि मग सांगितलं.

प्रेसमध्ये त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं चेंगरली होती. कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाने जवळच्याच एका छोट्या दवाखान्यात नेलं, टाके घातले, खोलीवर आणून सोडलं आणि महिनाभर आराम कर म्हणाला. तो पुन्हा फिरकला नाही. खोलीतले दोन सोबती जत्रेला गावी गेलेले. दार ओढलेलं असायचं, आतून मोबाइलवर कोणीतरी गोष्ट सांगतंय असा आवाज यायचा, तेव्हा ती म्हणायची, पोरगं निजून ऐकत असंल. गेल्या आठवड्यात शुक्रवारी दुपारी पाण्याची मोटर लावायला ती वर गेली. आतून आवाज नव्हता. दार ढकललं तर अंग तापाने भाजत होतं, हात कोपरापर्यंत काळा पडला होता आणि खोलीत वास होता. तिने आणि गिरणीवाल्याने रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. रविवारी ते वारले.

“साखर व्हती म्हनं त्येला. त्येचं त्येलाबी म्हाईत न्हवतं,” ती म्हणाली. “चार पायऱ्या खाली मी बसल्याली. हाक मारली आस्ती तर आलो नसतो व्हय आमी?”

शुक्रवारी दुपारी. माझ्या बसमध्ये त्यांचा निरोप आला होता तो शुक्रवारी सकाळी. घरी परतताना मी फोन काढून तीनही निरोपांच्या वेळा मांडल्या. दर खेपेला वाट बघण्याचं अंतर वाढवायचं असं मीच शिकवलं होतं, तेव्हा त्यात काही हिशोब असेल, काही सांगायचं असेल, असं मी शोधत होते. तसं काही नव्हतं. जमेल तेव्हा, डाव्या हाताने, एका आजारी माणसाने विचारलेलं होतं. थिअरी करण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

वडिलांना मी सगळं सांगितलं. त्यांच्याही डाव्या हाताचं अर्धं बोट नाही. ते कारखान्यातच गेलं. पण तेव्हा ते परमनंट होते, युनियन होती, कंपनीच्या गाडीतून मोठ्या दवाखान्यात नेलं आणि नंतर हलकं काम दिलं. त्यांनी मला मध्ये तोडलं नाही. शेवटी एकच विचारलं.

“कोणाच्या रोलवर होता?”

“कॉन्ट्रॅक्टरच्या.”

ते उठले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

ग्रुपवर मी सरळ लिहिलं की ते वारले, कसे वारले आणि कुठे. पहिलं उत्तर आलं, ‘काय ट्विस्ट दिलाय’. दुसऱ्याने लिहिलं, ताई तुम्हीपण टीममध्ये आहात हे आज कळलं. मी लिहिलं, हे खरं आहे. त्यावर ‘वॉचमनपण हेच म्हणतो’ असं आलं आणि खाली हसण्याच्या खुणांची रांग लागली. कोणी पुरावा मागितला. घरमालकिणीने हॉस्पिटलच्या कागदाचा फोटो मला काढू दिला होता, तो माझ्याकडे होता. तो मी टाकला नाही. माणूस मेला हे सिद्ध करायला त्याचा कागद त्या रांगेत ठेवायचा माझा धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी ग्रुप चालवणाऱ्याचा फोन आला.  खरंच का हो, असं त्याने दोनदा विचारलं आणि फोन ठेवला. दुपारी ग्रुपवर मेणबत्तीचा फोटो आला, खाली सगळ्यांचे हात जोडलेले. अर्ध्या तासाने कोणीतरी विचारलं, पुढचा भाग कधी? मी ग्रुप सोडला.

पंधरा दिवसांनी भाऊंच्या बायकोचा फोन आला. घरमालकिणीकडे मी नंबर ठेवला होता, पण तिला तो नवऱ्याच्या फोनमध्येच सापडला होता. माझा नंबर ‘इंटरनेट ताई’ म्हणून ठेवलेला होता. सामान न्यायला मी महाळुंग्याला येणार आहे, ती म्हणाली, तुम्ही या. विनंतीचा सूर नव्हता.

ती घरमालकिणीच्या अंगणात बसली होती. तिशीची असेल. बरोबर तिचा भाऊ होता, तो वर सामान बांधत होता. तिने मला बसा म्हटलं नाही.

“तुमी त्येंच्या कोण?”

नवऱ्याचे शेवटचे तीन निरोप एका परक्या बाईला गेलेले, तिने दुसरं काय विचारायचं? मी पहिल्यापासून सांगत गेले: पॉडकास्ट, ग्रुप, माझा मजकूर, त्यांच्या शंका. बोलताना ते मलाच पोरकट वाटत होतं. जिचा नवरा गेलाय तिला मी काल्पनिक कारखान्यातल्या काल्पनिक संगणकाबद्दल सांगत होते. शेवटी मी माझ्या फोनवर त्यांची रजिस्टरवाली थिअरी लावली. सात मिनिटांचा आवाज होता. गिरणीच्या घरघरीत ते आरामात बोलत होते, मध्येच स्वतःच हसत होते, ‘आता बघा ताई’ म्हणून पुन्हा सुरू करत होते. ती हलली नाही. संपल्यावर म्हणाली, पुन्हा लावा. मी पुन्हा लावलं.

घरी फोन केला की एवढंच म्हणायचे, ती म्हणाली: मी बरा आहे, पोरी बऱ्या आहेत का, ठेवतो. हाताला लागल्याचंही तिला सांगितलं नव्हतं. काम लई आहे, नंतर करतो, असं त्या आठवड्यात दोनदा म्हणाले होते.

मग तिने विचारलं, “तुमाला तीनदा इचारलं त्येनी. तुमी काय म्हनालात?”

“दोनदा आहे म्हणाले. तिसऱ्यांदा उत्तर दिलं नाही.”

ती माझ्याकडे बघत होती. मला वाटलं ती शिवी देईल, आणि दिली असती तर बरं झालं असतं.

“मला एकदाबी इचारलं न्हाई,” ती म्हणाली.

त्या दिवशी मी त्यांचे सगळे आवाज तिच्या फोनवर पाठवले. अंगणात रेंज कमी होती, त्याला दोन तास लागले. घरमालकिणीने चहा केला, तो आम्ही तिघींनी घेतला.

पुढचं, म्हणजे नुकसानभरपाईचं, माझ्या वडिलांनी अंगावर घेतलं. वर्षानुवर्षं युनियनचे अर्ज लिहिलेले, त्यामुळे कामगार कार्यालयाची भाषा त्यांना येते. कॉन्ट्रॅक्टरकडचे कागद निघाले तेव्हा कळलं की अपघाताच्या आदल्याच दिवशी भाऊंनी काम सोडल्याची नोंद आहे. वडिलांनी तो कागद दोनदा वाचला आणि चष्मा पुसला. गिरणीवाला साक्ष द्यायला तयार आहे. जत्रेहून आलेले दोन्ही सोबती नाहीत, त्यांना त्याच कॉन्ट्रॅक्टरकडे काम करायचंय. अर्ज अजून चालू आहे. तारखेला भाऊंची बायको लातूरहून येते, आमच्याकडे उतरते, वडिलांशी बोलते. माझ्याशी ती कामापुरतं बोलते. मी तिला दोष देत नाही.

मागच्या तारखेला कॉन्ट्रॅक्टरचा वकील आलाच नाही. पुढची तारीख घेऊन मी तिला एसटीपर्यंत सोडायला गेले. स्टँडवर गाडीची वाट बघताना ती आपणहून म्हणाली की तिने तो पॉडकास्ट ऐकला. सगळे भाग, स्वयंपाक करता करता.

“त्यात भ्यायसारखं काय हाय?” तिने विचारलं.

तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी विचार केला आणि म्हणाले, मला आता आठवत नाही. तेवढ्यात गाडी लागली. लोक आत घुसले. मी तिची पिशवी खिडकीतून आत दिली. तिला सगळ्यात मागच्या बाकावर जागा मिळाली, दोन पोत्यांच्या मध्ये.